पुढचं पापलेट कोणतं?

सर ओसरली होती. नबीला कॉलेजच्या व्हरांड्यात छत्री मिटत होती, तेवढ्यात समोरचं दार उघडून फैझान बाहेर आला.

"दहा मिनिटं आहेत? चष्म्याशिवाय त्रिमितीय चित्र दाखवणारा पडदा आहे. काय दिसतं, तेवढंच सांगायचं."

हा फैझान इथल्याच मिरकरवाड्याचा, नोकरीला मुंबईच्या कंपनीत. पडदा तपासायला आठवडाभर इथे आलेला. नबीला कॉलेजच्याच वाचनालयात कामाला. तिने नाही म्हणायला हवं होतं. पण त्याचं हसू असं, की ती मुकाट खुर्चीत जाऊन बसली!

पडद्यावर दोन पापलेटं होती.

"पुढचं कोणतं?"

"अं… डावं."

"आता?"

"उजवं…?"

ठोकून देत होती बिचारी. लहानपणापासून तिचा एक डोळा अधू. त्यापायी दोन स्थळं परत गेलेली, आणि आता कुणाकडे तोंड उघडू नकोस, ही अम्मीची सक्त ताकीद.

बारा प्रश्न झाले. फैझान कागदावरची उत्तरं पुन्हा पुन्हा तपासत होता. शिपाई सखाराम चहाची किटली ठेवून गेला. नबीलाने किटलीचं तोंड ग्लासाच्या काठाला टेकवलं आणि हळूच चहा ओतला.

"नेहमी असाच ओतता?"

"सांडू नये म्हणून…"

"नबीला, खरं सांगा. मासे कसे दिसले?"

तिचा चेहरा उतरला. "दोन्ही सारखेच. चपटे. माझा एक डोळा कामाचा नाही. झालं समाधान? आता सांगा गावभर!"

त्याने कागदावरचं तिचं नाव खोडलं, उत्तर तेवढं लिहिलं. "सगळे नुसतं 'छान' म्हणून जातात हो. या पडद्यावरचं पुढे-मागे काहींना दिसतच नाही, हे तुम्ही सांगितलंत. शुक्रिया."

त्या डोळ्याचे आजवर कुणी आभार मानले नव्हते. मग आठवडाभर ती रोज दुपारी चहाला येत राहिली, पडद्याचं निमित्त करून.

शेवटच्या दिवशी सामान बांधून झाल्यावर तो तिच्यासमोर उभा राहिला.

"एकच प्रश्न राहिला. मी किती लांब आहे?"

"मला हात लावल्याशिवाय कळत नाही," ती लाजत म्हणाली.

"मग लावा ना…"

तिने बोट पुढे केलं. ते त्याच्या बाहीच्या बटणाला लागलं, वाटलं होतं त्याहून खूप आधी.

"जुम्म्याला अम्मीला तुमच्या घरी पाठवतो," तो हळूच म्हणाला. "डोळ्याचं तिला मी सांगू?"

"नको. मीच सांगेन," नबीला म्हणाली. "आणि चहाही मीच ओतेन… किटली टेकवून."