दोन पट्ट्या चढलेला पियानो

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण एका गुप्तहेराकडे एकदा चक्क पियानोच्या खुनाची तक्रार आली. सोबत मेहुणा होताच. तो सगळीकडे असायचा आणि सगळं चुकीचं ताडायचा.

दार उघडलं ते म्हाताऱ्या संगीतशिक्षिका बाईंनीच.

“जोरात बोला हं. आणि ही घंटा बघा, सूर पार उतरलाय. घड्याळाचे टोलसुद्धा!”

मेहुण्याला घंटा ठीकच वाटली होती. पण भावोजींसमोर त्याने स्वतःला काही वाटू देणं केव्हाच सोडलं होतं.

पियानो आजोबांच्या वेळचा. दुरुस्त करायचा की मोडीत काढायचा, हे बाईंना ठरवायचं होतं.

“हा गप्प झाला तर माझ्याशी बोलणारं या घरात कोणी नाही,” त्या म्हणाल्या. शेजारी उभ्या त्यांच्या मुलाने खिडकीबाहेर पाहिलं.

दुरुस्तीला बोलावलेला कारागीर हळहळला. “गेल्या महिन्यात तारा ताणून धरणारी चौकट ठोकून पाहिली, धड होती. आज आरपार तडा! बिडाचं ओतीव लोखंड आहे, सांधलं तरी ताण घेणार नाही.” त्याने सूर जुळवायचा नादकाटा वाजवला. “हा काटा कधी उतरत नाही. याच्याशी ताडलं, तर सगळ्या तारा दोन पट्ट्या चढवलेल्या. आणि आपसात एकही बेसूर नाही!”

मुलगा उसळला. “मला खोली हवीय, कबूल! पण तारेची खुंटी कुठल्या बाजूला पिळतात हेही मला ठाऊक नाही. खुंट्या पिळायची चावी आईकडे असते. हात लावू देत नाही ती.”

बाहेर येताच मेहुणा कुजबुजला, “भावोजी, यानेच चोरली चावी!”

“तुझं डोकं टोपीपुरतंच आहे, असं तुझी बहीण म्हणते ते उगाच नाही. मोडायलाच निघालेला माणूस तार न् तार सुरात लावेल? ते मुरलेल्या कानाचं काम. आणि घंटा, घड्याळ, पियानो, सगळे एकदम कसे उतरतील? उतरलाय तो बाईंचा कान. त्यांना स्वर खाली ऐकू येतो. रोज थोडं थोडं चढवत गेल्या, शेवटी चौकटीला सोसलं नाही.”

“मग आता?”

“आता काय! पियानो गेला. कानही चाललाय.”

हेर आत जाऊन मोठ्याने म्हणाला, “बाई, चौकट ओततानाच कच्ची राहिली होती. कोणाचा दोष नाही.”

बाईंनी मान डोलावली. मग कारागिराच्या हातून नादकाटा घेतला, गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. बराच वेळ.

“हाही उतरलाय का हो?”

“हो बाई. जुना झालाय,” हेर म्हणाला.

बाईंनी कमरेची चावी काढून पियानोच्या झाकणावर ठेवली.

“खोटं,” त्या म्हणाल्या.