शेवटची गाडी कोणती?

"हॅलो! वळणापलीकडे कोणी जिवंत आहे का?"

ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. रस्ता अर्धा खोदलेला, एकच बाजू चालू. अलीकडे ती, पलीकडे तो, मधे वळण. दोघांकडे एकेक पाटी, एका बाजूने लाल, दुसरीने हिरवी. आणि वॉकीटॉकी. तिने गाड्या सोडायच्या, शेवटची कोणती ते सांगायचं. ती गाडी पार झाली की त्याने आपल्या बाजूच्या सोडायच्या.

"जिवंत आहे, जांभई देत होतो. शेवटची गाडी कोणती?"

"पिवळा टेम्पो. मागे गाद्या आहेत."

"एक काढून ठेवू तुझ्यासाठी?"

"स्वतःच्या डोक्याखाली घे!" ती फणकारली. पण बटण सोडून हसली मात्र...

दुपारी तो पाण्याच्या टाकीपाशी दिसला. पापण्यांपर्यंत धूळ.

"आवाजावरून उंच वाटला होतास."

"तू आवाजावरून भांडखोर वाटली होतीस... तशीच निघालीस."

मग रोज दिवसभर तेच. गाड्या कमी, गप्पा जास्त. तिचा मामा तिथलाच मुकादम, त्यानेच तिला शाळा कायमची सुटल्यावर कामाला लावलेलं. मामा ओरडायचा, "अगं, ते यंत्र आहे, कानातलं डूल नाही!"

एका दुपारी टाकीपाशी तो खडी टाकणाऱ्या मुलीची बाटली भरून देत होता. हसत होता. झालं, हिचं डोकंच फिरलं.

"शेवटची गाडी कोणती?" तासाभराने त्याने विचारलं.

तिने पाटीची लाल बाजू पुढे केली.

"ए... रागावलीस? सांग ना."

"निळी कार!" समोर दिसलेल्या गाडीचं नाव तिने ठोकून दिलं. निळ्या कारमागून वाळूचा ट्रक चालला होता. तो तिला दिसत होता. तरी...

निळी कार पार होताच त्याने बस सोडली. वळणावर ट्रक आणि बस समोरासमोर आले. करकचून ब्रेक. बसचं एक चाक चरावर लोंबकळलं. आत बायका किंचाळत होत्या. नशीब, कोणाला लागलं नाही.

मामा त्याच्यावर धावून गेला. "शेवटची गाडी न विचारता सोडतोस?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. एकदाच.

"नीट ऐकलं नाही मी," तो म्हणाला. मामाने त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

संध्याकाळी तो पत्र्याच्या ऑफिसात कामाचं जॅकेट परत करायला आला. ती धावत गेली.

"खोटं कशाला बोललास?"

"तू खरं बोलशील म्हणून वाट बघत होतो." तो थांबला. "अजूनही बघतोय."

तेवढ्यात मामा आत आला. "काय गं? काय झालं?"

तिच्या ओठांवर आलं होतं. अगदी ओठांवर...

"काही नाही, मामा."

त्याने जॅकेट घडी करून टेबलावर ठेवलं आणि निघून गेला.

तिसऱ्या दिवशी तिने मामाला सगळं सांगितलं. रडत, ओरडत, स्वतःलाच शिव्या देत. मामाने डोक्याला हात लावला. मग खिशातून फोन काढला.

"बोलावतो त्याला परत. ते यंत्र काढून घेतलं, पण त्याचा फोन नंबर मीही विचारला नाही... तुझ्याकडे असेल, सांग."

ती बघतच राहिली. दिवसभर कानाशी असायचा तो. नंबर घ्यायचं कधी सुचलंच नव्हतं.