पाठमोरा फोटो

चौथीचा अभ्यास आपल्याइतका पक्का अख्ख्या लोहारा तालुक्यात कुणाचा नाही, असं गौरीशंकर अप्पा छातीवर हात मारून सांगायचे. ऐकणाऱ्याला खरं वाटेपर्यंत थांबायचे आणि मग डोळा मिचकावून म्हणायचे, "पक्का न्हाय हुणार तर काय? मास्तर बदलले, फळा बदलला, पोरं पाचवीला गेली. म्या तिथंच."

तर असल्या माणसाला अस्मिता मॅडमनी चौथीच्या निरोपाचं पान सजवायला बोलावलं, ही पहिली गंमत. गावातली शाळा चौथीपर्यंतचीच. यंदाची पोरं बाहेर पडली की पट एवढा खाली येणार होता की शाळेला कुलूप लागणार. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. निदान शेवटची स्मरणिका झोकात काढावी, तिच्यात चौथीचं एक पान हसून हसून पोट दुखेल असं करावं, असं मॅडमच्या मनात होतं. पण मॅडम तुळजापूरच्या, शिस्तीत वाढलेल्या. त्यांनी विनोद सांगितला की पोरं वहीत उतरवून घ्यायची. म्हणून अप्पा.

अप्पांकडं कल्पनांना काय तोटा. प्रत्येकाच्या नावापुढं टोपणनाव छापा म्हणाले. ती ठेवली होती त्यांनीच. करिश्मा म्हणजे भोंगा, युवराज म्हणजे वाळकं वांगं. पोरांच्या अंगठ्याचे ठसे घ्या, ठशाला शेपूट काढलं की उंदीर, चोच काढली की चिमणी. "अंगठ्याच्या बाबतीत माझा हात धरणारा कुणी न्हाय, मॅडम." मॅडमचं रोजचं 'आवाज कुणाचा येतोय?' हे वाक्य फुग्यात घालून छापायचंही ठरलं. मॅडम लाजल्या, पण हो म्हणाल्या.

मग अप्पांनी हुकमाचं पान टाकलं. फोटो पाठमोरा काढायचा. दप्तरं पाठीला लावून पोरं फाटकातून बाहेर चाललीत, आणि खाली लिहायचं, 'ओळखा पाहू.' तो निघाला की दुसरा फोटो. अप्पा भिंतीआड लपून एकेकाच्या आईच्या आवाजात हाक मारणार, पोरं दचकून वळणार, मॅडमनी तेवढ्यात टिपायचं. अप्पांच्या कानांनी साथ सोडली होती, गळ्यानं नव्हती. गावातली एकही बाई अशी नव्हती की जिच्या आवाजात त्यांनी तिच्या नवऱ्याला पळवलं नव्हतं.

शाळेची खिचडी शिजवणारी लक्ष्मम्मा हे ऐकून चुलीपासून उठून आली. जाणाऱ्याला मागनं हाक मारू नये म्हणाली. आणि हाक मारणारा दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. "जो ओ देतो, त्यो जातो."

अप्पांनी तेच वाक्य तिच्याच आवाजात, तिच्याच कंबरेवरच्या हातासकट म्हणून दाखवलं. पोरं लोळली. लक्ष्मम्माही पदरात हसली.

वर्गातली अर्पिता अप्पांची नात. तिचा बाप शिवानंद ढोकीच्या कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा, हंगाम संपेपर्यंत तिकडंच. सारं गाव अप्पांना अप्पा म्हणायचं, अर्पिताही अप्पाच म्हणायची. 'मामंजी' म्हणणारी एकटी उमादेवी, अर्पिताची आई. ती मागच्या पावसाळ्यात तापानं गेली. घरात उरले आजा आणि नात. पोरगी म्हणजे अप्पांचे कान. दारात कुणी हाक मारली की अप्पांना पत्ता नसायचा. अर्पिता हात आडवा धरायची, म्हणजे तुमी बसा, आणि "आले, आले" म्हणत पळायची. तिचं नाव तुळजापूरच्या वसतिगृहात घातलं होतं. या घरातलं कुणीतरी चौथीतून बाहेर पडतंय, एवढ्यावर अप्पा खूश होते. ती गेल्यावर आपलं कसं, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

फोटोच्या दिवशी दुपार उतरत होती. पोरं फाटकातून निघाली. अप्पा भिंतीआड बसले. आधी करिश्माच्या आईचा आवाज काढला, करिश्मा गर्रकन वळली. युवराजच्या आईचा काढला, त्याचं दप्तरच खाली पडलं. हसणं, धूळ, मॅडमच्या मोबाइलची टकटक. अप्पांना पोरासारखा जोर चढला होता.

आता अर्पिता राहिली. अप्पांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मेलेल्या सुनेची नक्कल त्यांनी कधी केली नव्हती. खोडकर माणसालाही कुठंतरी कुंपण असतं. ते गप्प बसले.

आणि त्या गप्प बसण्यात एक वास आला. नुकत्याच उकरलेल्या ओल्या मातीचा, त्यात विभूतीचा. खिचडीचा वास त्याच्याखाली बुडून गेला. उमादेवीला माती दिली तेव्हा खड्ड्याच्या काठावर उभं राहून अप्पांनी हाच वास घेतला होता.

फाटकाजवळ अर्पिता थांबली. वळली.

"आले, आले," ती म्हणाली.

पोरांचं हसू बंद झालं. चुलीजवळ लक्ष्मम्माच्या हातातला डाव तसाच राहिला. अप्पा भिंतीआडून कसेबसे बाहेर आले आणि मोठ्यानं हसले. माझीच हाक हुती की, म्हणाले. सगळ्यांनी ते मानलं, कारण मानणं सोपं होतं. पण आपले ओठ हललेच नव्हते, हे अप्पांना ठाऊक होतं.

पान छापून आलं तेव्हा गावानं ते हातोहात बघितलं. सगळी पोरं भिंतीकडं वळून दचकलेली. एकटी अर्पिता डावीकडं बघतेय. डावीकडं रुद्रभूमीची, उमादेवीला माती दिली तिथली वाट आहे, दुसरं काही नाही. आणि तिचा एक हात भिंतीच्या दिशेनं आडवा धरलेला. मॅडमना वाटलं, उन्हाला धरला असेल.

त्या दिवसापासून पोरगी जेवता जेवता मध्येच थांबायची. कान द्यायची. "आले," म्हणायची आणि पुन्हा घास उचलायची. प्रत्येक 'आले'गणिक तिचा आवाज बारीक होत गेला, दोरी झिजावी तसा. लोहाऱ्याच्या डॉक्टरांनी घसा बघितला, धाराशिवला रक्त तपासलं. सगळं चांगलं निघालं. लक्ष्मम्मानं मीठमोहऱ्या उतरून टाकल्या, चुलीत त्या तडतडल्यासुद्धा नाहीत. शिवानंद ढोकीहून आला, पोरीला बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून बसला. तुळजापूरला जायचा दिवस आला आणि गेला. भरलेली पेटी दारामागंच राहिली. अप्पांनी नकला सोडल्या. पारावरची माणसं त्यांना बघून आता दुसरीकडं बघायची.

एका दिवेलागणीला वीज गेली. अप्पांनी चिमणी लावली. तोच वास घरात उंबऱ्यापर्यंत आला होता. खाटेवर अर्पिताचे ओठ हलले, आवाज आलाच नाही. आता एकच खोडी उरली होती, जी त्यांनी केली नव्हती. आपणच हाक मारली होती हे पोरीला पटलं, तर ती ओ द्यायचं सोडेल. हाकेला ओ मिळाली नाही तर हाक मारणारी कधीतरी थकेल…

अप्पांनी डोळे मिटले आणि उमादेवीचा आवाज काढला.

"अर्पी… ये गं जेवायला…"

इतका हुबेहूब निघाला की त्यांच्याच अंगावर काटा आला. भिंतीकडं तोंड करून बसलेल्या शिवानंदचे खांदे हलले. आणि अर्पिता हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"बघितलंस?" अप्पा तिच्यावर वाकून घाईघाईनं म्हणाले. "तवाबी म्याच हुतो. म्हाताऱ्याची खोडी गं. तुला कुणी बोलावत न्हाय. आता ओ द्यायची न्हाय, व्हय?"

तिनं उंबऱ्याकडं कान दिला. मग हळूच हात उचलला आणि त्यांच्यासमोर आडवा धरला, तुमी बसा म्हणाल्यासारखा. ती काय म्हणतेय ते ऐकायला अप्पांना कान तिच्या ओठांना टेकवावा लागला.

"आवाज बरोबर काढलाव, अप्पा. पर आई मला कुठं बोलावतीया… ती 'मामंजी, मामंजी' करतीया. तुमाला ऐकू येत न्हाय, म्हणून म्या ओ देते."