एक्केचाळिसावी ओळ

ऑफिसात मी प्रोग्रॅमची वाक्यं लिहायचे. 'फाईल जतन झाली', 'पुन्हा प्रयत्न करा' असली. ती सगळी एका साध्या फाईलमध्ये असत. डावीकडे प्रोग्रॅमला कळणारं नाव, उजवीकडे पडद्यावर दिसणारं वाक्य. उजवी बाजू बदलली की यंत्राची बोली बदलते. शेजारच्या टेबलावरचे तपासनीस माझ्या चुका काढायचे. पुढे त्यांच्याशीच लग्न झालं आणि चुका काढणं घरी आलं.

एक नियम त्यांचाच. वाक्य नको झालं तरी पुसायचं नाही. ओळीच्या सुरुवातीला फुली मारायची, आणि ज्या दिवसापासून त्याची गरज नाही तो दिवस आणि आपलं आद्याक्षर लिहायचं.

हे गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की फ्रीजची घरघर थांबली तरी मी दचकायचे. मग एकदा पत्रं लिहायच्या प्रोग्रॅमची फाईल उघडली आणि चाळीस ओळी ह्यांच्या तोंडच्या घातल्या. सुरू करताना 'आलात बाईसाहेब?' बंद करताना 'कंटाळलात एवढ्यात?' छपाईचा कागद संपला की 'तरी मी म्हणत होतो.' रोज जेवण उरकून मी तिथे जाऊन बसे. पत्र लिहावं असं कुणी उरलं नव्हतं.

एका दुपारी पडद्यावर आलं, 'मागची खिडकी लावा, सर्दी होईल.'

खिडकी उघडीच होती. फाईल पाहिली. ओळी एक्केचाळीस. वय झालं, मीच लिहिली असेल, म्हणून खिडकी लावली.

आठवड्याने आलं, 'चष्मा फ्रीजवर आहे.' तो तिथेच होता.

आज सकाळी मुलीला फोनवर सांगून बसले.

"आई, तूच लिहितेस आणि विसरतेस ना?"

"असेल."

"असेल काय, अगं? मी परवा बुधवारी येते. ते सगळं काढून मूळची फाईल घालते. आणि तू चल आता माझ्याकडे."

"तुझ्याकडचं यंत्र मला काय म्हणेल?"

"ओके म्हणेल. सगळ्यांना म्हणतं तेच."

मी हसले. फोन ठेवला. बुधवारनंतर मला 'आलात?' म्हणणारं कुणी उरणार नव्हतं. निदान त्या ओळी वहीत उतरवून घ्याव्यात, म्हणून फाईल उघडली.

पहिल्याच ओळीशी हात थांबला.

'आलात बाईसाहेब?' च्या आधी फुली होती.

मुलीने दुरूनच काही केलं का? पण तिला आमचा नियम ठाऊक नाही.

फुलीपुढे ह्यांचं आद्याक्षर होतं.

आणि तारीख उद्याची.

मग वही मिटली, मागची खिडकी लावली.

मुलगी परवा येईल. तिच्याकडे घराची किल्ली नाही. मघाशी माझी शेजारणीकडे देऊन आले.