मागचं डावं चाक

हे कुठून उचललेलं नाय. माझ्याच घरात घडलंय, आन अजून चालू हाय. हसायचं आसंल त्यानं इथूनच मागं फिरावं.

गेल्या मे महिन्यातलं. पडेगाव, छत्रपती संभाजीनगर. रात्र-बित्र नाय... भर दुपार.

माझ्या भावानं, कृष्णादादानं, जुनी सिडान घेतली. सायलीवहिनीचे दिवस भरत आले होते. आधीचं बाळ पोटातच गेलं होतं. ह्या टायमाला बाईकवर न्यायचं नाय, आसं आईनं बजावलेलं.

गाडी बजाजनगरच्या एका माणसाची. चावी द्यायच्या आधी त्यानं मागचं डावं दार उघडलं.

आन तसाच उभा राहिला.

जसं कुणी उतरायचं बाकी हाय...

मग दार लावून हळूच म्हणला, "ऱ्हाऊ दे मग."

"कुणाला बोलले?" मी इचारलं.

"गाडीला." माझ्याकडं बघितलंबी नाय त्यानं.

घरी आल्यावर मला दिसलं. तीन चाकांच्या वर चार बोटं जातील एवढी जागा. मागच्या डाव्या चाकावर... दोनच.

"दादा, गाडी एका अंगाला बसलीय."

"शाळंत एवढं ध्यान दिलं आसतं तर!"

डोकं फिरलं माझं. चावी घेऊन मीच निघालो.

शहागंजच्या पलीकडं सत्यमचं गॅरेज हाय, तिथं नेली. "जुन्या सिडानला हे चालतंच," सत्यम म्हणला. "शॉकअप बसतो, एसी मरतो, काचेची मोटर जाती. कॉमन हाय. टेन्शन नको घेऊ."

नवा शॉकअप टाकला. नवी स्प्रिंग टाकली. जॅकवरून गाडी खाली घेतली... सगळीकडून सारखी.

सत्यम हात पुसत होता.

चुंई...

डावी बाजू हळूहळू खाली बसली. जसं कुणी दार न उघडताच आत जाऊन टेकलं.

सत्यमचा हात फडक्यातच राहिला. "हे मातर... कॉमन नाय, भाई."

परत त्यानं त्या गाडीला हात लावला नाय. दादा म्हणला, "स्प्रिंग डुप्लिकेट दिली त्यानं, दुसरं काय!"

मग एका दुपारी वहिनीला कळा सुरू झाल्या. दादा गाडी चालवायला, मी पुढं. मागं वहिनी उजवीकडं, आई मधी.

"आई, डावीकडं सरक की. जागा हाय ना."

"नको रं. त्या अंगाला लई गार लागतंय."

एसी तर बंद होता...

बाळ सुखरूप झालं. पोरगी. दादा दवाखान्यातच रडला.

चार दिवसांनी दोघींना घरी आणलं. आई भाकरतुकडा आणायला आत पळाली, ओवाळून टाकल्याशिवाय बाळंतिणीला आत घेत नाय ती. दादा पिशव्या घेऊन गेला. उजव्या बाजूला नाली, म्हणून मी मागचं डावं दार उघडून उभा राहिलो.

ऊन मरणाचं. बाळ कोकलत होतं. वहिनी पलीकडच्या कोपऱ्यात बसून त्याला दुपट्यात गुंडाळतच बसलेली.

माझं सटकलं. "उतरा की आता! चला घरात!"

चुंई...

डावी बाजू वर आली. चार बोटं.

वहिनी जागची हललीच नव्हती.

बाळ एकदम गप झालं.

आईनं दोघींवरून भाकरतुकडा ओवाळला, लांब टाकला. पण जे आत जायचं ते... आधीच गेलं होतं.

आता गाडी झकास चालती. "बघ, स्प्रिंग सेट झाली का नाय!" दादा खुश.

घरात बाळाला झोळी टांगलीय. स्प्रिंगवाली. बाळ टाकलं की खाली येती, उचललं की वर जाती.

काल दुपारी बाळ वहिनीच्या मांडीवर होतं. मी उंबऱ्यात बसलेलो. झोळी रिकामी.

तरी खालीच होती...

कापड तळाला ताणलेलं. आन झोळी हळूहळू हलत होती.

"भाऊजी, कशाला हलवताय?" वहिनी मान खाली घालूनच म्हणली. "बाळ तर माझ्याकडं हाय."

मी हात लावला नव्हता.

तवापासून बाळाला खाली गोधडीवरच टाका म्हणून घरात भांडतोय. कारण इचारतात. काय सांगू?

आज दुपारी सगळे झोपल्यावर मी घराचं दार सताड उघडलं. बाजूला उभा राहिलो, त्या बजाजनगरवाल्यासारखा. लई येळ. हळूच म्हणलंबी, "चल... नीघ."

रिकामी झोळी वर गेली नाय.