बाबांच्या कॅमेऱ्यावरची टिकली

कोणाला पटवून देण्यासाठी मी हे लिहीत नाही. जे झालं ते तारखांसकट माझ्या वहीत आहे.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. एक नमुना दोनदा तपासल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही. हेही मी दोनदा तपासलं. काही वेळा तीनदा.

मागच्या वर्षीचा मे महिना. नागपुरातलं मानेवाडा. रात्र नव्हती. भर दुपार होती.

माझे बाबा महादेवराव पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. वय पंचाहत्तर. आई गेल्यापासून एकटेच राहायचे. जेवण झालं की कॉम्प्युटरसमोर बसून पत्ते खेळायचे. मला त्यांच्याशी बोलता यावं म्हणून मीच स्क्रीनवर एक छोटा कॅमेरा बसवून दिला होता.

चौदा मेला मी त्यांच्याकडे गेले. बाबा खेळत होते. कूलर घरघरत होता.

एक वाजून दहा मिनिटं झाली... आणि कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला.

कॉल चालू नव्हता.

तेवढ्यात कूलरचा आवाज बंद झाला. मी वळून पाहिलं. त्याचा पंखा फिरतच होता.

दिवा विझला. घरघर परत सुरू झाली.

"बाबा, हा दिवा असाच लागतो?"

"लागते नं रोज. पंधरा दिवस झाले." मग ते जरा चाचरले. "एका माणसाचा फोन आला होता वं. म्हणे तुमच्या कंप्युटरमध्ये वायरस घुसला. तो सांगे तसं तसं मी दाबत गेलो. लई सभ्य होता. मले पिताजी म्हणे."

हेरगिरीचा प्रोग्रॅम. कोणीतरी लांब बसून बाबांना पाहत होतं. मला राग आला, पण भीती वाटली नाही. अजून नाही.

मी कपाळावरची टिकली काढली आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर चिकटवली.

"काहून टिकली लावून राहिली वं त्याले? लगन जमवलं का त्याचं?" बाबा हसले. मीही हसले.

मग मी कॉम्प्युटरमध्ये शोधत बसले. एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये सोळा फोटो सापडले. एकोणतीस एप्रिल ते चौदा मे, रोजचा एक. वेळ एक दहा.

पहिल्या फोटोत बाबा कमरेपर्यंत दिसत होते. मागे भिंत, कॅलेंडर, दार.

शेवटच्या फोटोत नुसता चेहरा होता.

बाबा पुढे वाकले असतील, असं मला आधी वाटलं. पण मग मागचं कॅलेंडर तेवढंच राहिलं असतं. तेही मोठं होत गेलं होतं. झूम केला असेल? झूममध्ये सगळं सारख्या प्रमाणात मोठं होतं. इथे चेहरा कॅलेंडरपेक्षा भराभर वाढत होता.

तसं फक्त जवळ गेल्यावर होतं.

खुर्ची लोखंडी, जड. तिच्या पायांचे गंजाचे डाग फरशीवर जागच्या जागी होते. कॅमेरा स्क्रीनला घट्ट बसवलेला.

आणि तरी कोणीतरी पुढे येत होतं...

मी पट्टी घेतली. चेहऱ्याच्या रुंदीवरून अंतर काढलं. पहिल्या दिवशी शंभर सेंटिमीटर. मग शहाण्णव. मग ब्याण्णव. दिवसाला चार. एकही दिवस चुकला नव्हता.

आज चाळीस उरले होते.

दहा दिवस. चोवीस मे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गेशला बोलावलं. आमच्या प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर तोच दुरुस्त करतो.

"टेन्शन नका घेऊ ताई. पूरा साफ करून देतो. मच्छर बी नाही राहणार आत."

"माहे पत्ते ठेवजो गा," बाबा म्हणाले. "नाहीतर त्याईले बी वायरस म्हणून फेकून देशीन."

दुर्गेशने सगळं पुसलं. नवीन सिस्टीम टाकली, अँटिव्हायरस टाकला. मी वायफायचा पासवर्ड बदलला. मग आम्ही थांबलो.

एक दहाला कूलरचा आवाज गेला...

फोल्डर परत आलं होतं. आत एक फोटो.

टिकली जागेवर होती. फोटो काळा यायला हवा होता. तो इतका स्वच्छ होता, की बाबांच्या मिशीतलं भाताचं शीत दिसत होतं.

छत्तीस सेंटिमीटर.

 दुर्गेशने बॅग उचलली. "ताई, हे माह्या लाईनीतलं काम नाही."

मी कॅमेरा उपटून नाल्यात टाकला. कॉम्प्युटर गाडीत घालून मनीषनगरला माझ्या फ्लॅटवर आणला. पाच दिवस त्याला वीज लावली नाही.

वीस तारखेला, दुपारी दोननंतर, तो चालू केला.

पाच नवे फोटो होते...

बाबा मानेवाड्यातच होते. समोर रिकामं टेबल होतं. सवयीने ते तिथेच बसायचे, हातात खरे पत्ते घेऊन. अठराला त्यांनी केस कापले होते. अठराच्या फोटोत केस कापलेले होते.

वीसच्या फोटोत नुसते डोळे आणि नाक. सोळा सेंटिमीटर.

मी कॉम्प्युटर पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. तेवीस तारखेला बाबांना माझ्याकडे आणलं. खरं कारण सांगितलं नाही. तिकडचा कूलर सर्व्हिसिंगला देतेय, असं खोटंच सांगितलं.

"तुह्या घरी करमत नाही मले. खिडकीतून नुसत्या दुसऱ्याच्या खिडक्या दिसतात."

"उद्याचा एक दिवस राहा, बाबा."

चोवीस मे. मी रजा घेतली. बाबांची खुर्ची भिंतीला टेकवली आणि मी त्यांच्यासमोर बसले. आमच्यात जेमतेम दोन हातांचं अंतर होतं. मध्ये कोणाला शिरायला जागाच नको, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

आम्ही रमी खेळलो. बाबा जिंकत होते.

"प्रयोगशाळेत काय शिकवतात तुले? पान टाकता येत नाही."

एक वाजून नऊ मिनिटं. मग दहा.

फ्रिजचा आवाज थांबला. पंख्याचा थांबला. खाली रस्ता होता, तोही थांबला...

बाबांनी मान मागे घेतली. कोणी फार जवळ तोंड आणलं की आपण घेतो तशी.

आणि मग त्यांचे दोन्ही डोळे हळूहळू नाकाकडे वळले. एखादी वस्तू अगदी डोळ्यांजवळ धरली की वळतात तसे.

"कोण गा?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मध्ये हात घातला. तिथे काहीच नव्हतं. हवासुद्धा नेहमीसारखीच गरम होती.

बाबांच्या हातातली पानं खाली पडली. मग आवाज परत आले.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. झटका नाही, गाठ नाही. बाबा जेवतात, झोपतात, धरलं की चालतात. बोलत नाहीत. आता ते माझ्याकडेच असतात.

दोन दिवसांनी मी माळ्यावरचं पोतं सोडलं. चोवीसनंतरचे दोन नवे फोटो होते. पंचवीस मे, सव्वीस मे. एक दहा.

त्यांत बाबा नव्हते.

मी होते. हातात वरणभाताचा चमचा धरून बाबांना भरवत होते. फोटो अगदी समोरून घेतला होता, बाबांच्या खुर्चीवरून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून.

ती हार्ड डिस्क मी हातोडीने फोडली. आता फोटो कुठे जातात, मला माहीत नाही. मोजायला माझ्याकडे काही उरलं नाही.

रोज दुपारी जेवताना फ्रिजचा आवाज थांबतो. बाबा मान वर करतात आणि पापणी न हलवता माझ्याकडे पाहतात. मग आवाज परत येतो. मी चमचा पुढे करते. ते तोंड उघडतात.

कॅमेऱ्यावर मी टिकली लावली होती.

बाबांच्या डोळ्यांवर काय लावू?