उजव्या कानातलं गाणं

"चुकतंय!"

शीळ घालत जिना उतरणारा मुलगा दचकून थांबला. मधल्या पायरीवर एक मुलगी बसली होती. डाव्या कानात इयरफोन, उजवा नुसताच लोंबकळत, आणि राग अगदी नाकाच्या शेंड्यावर.

"काय चुकतंय?"

"गाणं! 'ऐकतंय का कुणी'च्या पुढे असलं वर चढणारं काही नाहीये. तिथे सगळं गप्प होतं. येत नसेल तर शीळ घालू नये माणसानं!"

"आहे की," तो म्हणाला. "आणि मी वरच्या मजल्यावर राहायला आलोय... विचारलं नाहीस, तरी सांगतो."

"नाहीच विचारलं!"

तिच्या लाडक्या गायकाला ती घोगऱ्या म्हणायची. नुकताच रडून उठल्यासारखा त्याचा आवाज. घरात आईबाबांची जुंपली की ती जिन्यावर येऊन त्यालाच ऐकत बसायची. ओला टॉवेल, पंख्याचा वेग, आत्याचा फोन, त्यांना कुठलंही कारण पुरायचं. आणि वर तिलाच मध्ये ओढायचे. "विचार तुझ्या आईला!" "सांग तुझ्या बाबांना!" सतरा वर्षांची मुलगी काय निरोप पोचवायला ठेवलीय? घोगऱ्या तेवढा तिला काही सांगायला लावत नसे. 'ऐकतंय का कुणी?' असं तो विचारायचा, उत्तर यायचं नाही, आणि तिला वाटायचं, चला, आपल्यासारखं आणखी कुणीतरी आहे.

आणि हा कोण टिकोजीराव, त्या शांततेत शीळ घुसवणारा!

पण टिकोजीराव रोज यायचा. तिच्याजवळ पोचला की मुद्दाम तीच ओळ वाजवायचा.

"पुन्हा चूक!"

"पुन्हा तूच?"

"जिना तुझ्या नावावर आहे?"

"नाही. पण तुझा राग माझ्या नावावर दिसतोय."

हसू दाबताना तिची फार पंचाईत व्हायची. एक दिवस तो आलाच नाही, तेव्हा तर ती इतकी संतापली की संतापाचं कारण शोधताना स्वतःशीच लाजली.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या एक पायरी खाली येऊन बसला.

"एक विचारू? एकच कान का लावतेस?"

"दुसरा घराकडे असतो. काही फुटल्याचा आवाज आला तर... पळावं लागतं."

तो हसला नाही. लोंबकळणारा इयरफोन त्यानं अलगद उचलून तिच्यापुढे धरला. तिनं तो उजव्या कानात घातला.

'ऐकतंय का कुणी?' डावीकडून घोगऱ्यानं विचारलं. आणि उजवीकडून एका बाईचा आवाज हळूहळू वर चढत आला. 'ऐकतेय...'

तीच शीळ! तिचे डोळे भरून आले, आणि लगेच पेटले.

"ही इथेच होती? इतके दिवस? त्याला कुणी नाही म्हणून मी रडायचे, आणि घोगऱ्याला बरं रोज उत्तर मिळत होतं! मला कुणी सांगितलं का नाही?"

"मी तर पहिल्याच दिवशी सांगितलं. आता पूर्ण ऐक, दोन्ही कानांनी."

"आणि घर?"

"घराकडे मी कान देतो."

खरोखरच तो तिच्या दाराकडे कान करून बसला, पहारेकऱ्याच्या गंभीर चेहऱ्यानं. तिनं आवाज वाढवला. घर नाहीसं झालं. लहानपणापासून पहिल्यांदाच तिचे खांदे सैल पडले. त्याच्या मानेवरच्या केसांकडे बघत ती अगदी हळूच, स्वतःशीच पुटपुटली, "तू मला आवडतोस. आणि मला त्याचा भयंकर राग येतो."

दोन्ही कान बंद असले की माणूस ओरडून बोलतं, हे तिला कुठून ठाऊक असणार? सगळा जिना दणाणला. त्याचे कान लालबुंद झाले. घरातलं भांडण मध्येच तुटलं, दार उघडलं आणि आईबाबा एकमेकांना चिकटून उंबरठ्यात उभे राहिले.

तिनं इयरफोन काढले.

"कोण आवडतो?" दोघांनी एकदमच विचारलं.

ती ताडकन उठली. "एका सुरात बोलता येतं की तुम्हाला! मग मला का मध्ये घालता? इतकी वर्षं माझा एक कान तुमच्याकडे अडकलाय, माहितीये? आज तो मी परत घेतला!"

आई काहीतरी म्हणणार होती. बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला. दोघांच्या माना खाली गेल्या.

"आणि आवडतो तो हा," ती म्हणाली. "पण आधी माझं गाणं पूर्ण होऊ दे."

ती त्याच्याच पायरीवर बसली आणि दोन्ही कानांत इयरफोन घातले.